पाहुण्यांसाठी तयार खोली

निर्वासितांना घरात ठेवून घेणाऱ्यांनी कसं वागावं, हे ती गेली कित्येक वर्षं लोकांना शिकवत होती. मदत संस्थेत तिचं कामच ते. भाषणाच्या शेवटी ती आवाज खाली आणून विचारायची, "तुमच्या घरात एखादी खोली रिकामी आहे ना?" लोक चुळबुळ करायचे, एखादी बाई डोळे पुसायची, आणि ती समाधानाने पाण्याचा घोट घ्यायची. मग वडील गेले आणि तिच्याच घरातली खोली रिकामी झाली. आता चुळबुळ करायची पाळी तिची होती.

आत्याने संधी सोडली नाही. फोनवर म्हणाली, "तिकडे शाळेच्या हॉलमध्ये माणसं सतरंजीवर झोपलीत. त्यातली दोन आण की घरी. का तुझं ज्ञान फक्त बाहेर वाटायला?"

"आणणारच आहे गं. खोली तयार व्हायची आहे."

"खोलीला काय धाड भरलीय? आहे तशीच तर आहे."

आत्याशी वाद घालून कोणी कधी जिंकलेलं नव्हतं. तिने दोघांना घरी आणलं. सीमेपलीकडच्या लढाईत घर सोडून आलेले एक म्हातारे बस ड्रायव्हर आणि त्यांची बायको. हॉलच्या गार फरशीवर झोपून ड्रायव्हरकाकांची छाती भरली होती. खोकला लागला की काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या.

त्याआधी खोली तयार करण्यात तिचा एक अख्खा रविवार गेला. केर काढला, पडदे बदलले. बाकी सगळं होतं तिथेच राहिलं: कॉटवर बाबांची शाल, उशाशी अर्धवट वाचलेलं पुस्तक, त्यावर चष्मा, खुंटीला स्वेटर, कॉटखाली चपला. पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून खोलीत घरच्या वस्तू राहू द्याव्यात, हा नियम तिचाच. आपल्या दुःखाचा भार पाहुण्यांवर टाकू नये, हाही तिचाच. इतके सोयीचे नियम आपण नेमके कोणासाठी केले होते, हा प्रश्न तिला पडला नाही. फार वाचलेल्या माणसांना असे प्रश्न उशिरा पडतात.

त्यामुळे बाबा वारले हे तिने पाहुण्यांना सांगितलं नाही. खरं तर ज्यांना आधीच ठाऊक होतं, ते सोडून कोणालाच सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानातून फोन आला, बाबांनी करायला टाकलेला नवा चष्मा तयार आहे म्हणून. तिने शांतपणे सांगितलं, "ते बाहेरगावी आहेत. आले की नेतील." फोन ठेवल्यावर आपला आवाज कसा अजिबात कापला नाही, याचं तिला कौतुकही वाटलं.

पाहुणे मात्र दृष्ट लागावी असे. पावलांचा आवाज नाही, रेडिओ नाही, कशाची मागणी नाही. ऑफिसच्या बैठकीत ती म्हणाली, "मस्त रुळलेत." सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने नको नको म्हणत त्या घेतल्या.

आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली, तर दाराशी दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या. काका बूट चढवत होते.

"काका, हे काय?"

"निघतो पोरी. हॉलमध्ये जागा आहे अजून, विचारून आलो."

"पण का? काही चुकलं का माझं?"

"तुझं कसलं चुकतंय! दुपारी चष्मेवाल्याचा फोन आला होता. साहेब गावाहून आले का, शनिवारपर्यंत येतील ना, म्हणाला. म्हटलं, घरमालक दोन दिवसांत येणार तर आपण खोली अडवून कशाला बसायचं?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. तो लवकर थांबेना.

ती खोलीच्या दारात गेली. कॉटवरची शाल घडीसुद्धा न मोडता तशीच होती. भिंतीशी एक चटई गुंडाळून उभी केलेली.

"तुम्ही खाली झोपत होता?"

"मग काय दुसऱ्याच्या कॉटवर लोळायचं?" काकू म्हणाल्या. "हॉलमध्ये तुमच्या संस्थेने आम्हाला दिलेल्या त्या शिकवणीत सांगितलंय ना, यजमानांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, खाजगी विचारायचं नाही."

ती शिकवणी कोणाची, हे सांगायची तिची हिंमत झाली नाही.

"रोज पुसून ठेवते मी सगळं," काकू म्हणाल्या. "चष्म्याच्या काचा तेवढ्या नाही पुसल्या. त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे आहेत. आले की त्यांचे तेच पुसतील. आमच्याही घरात सगळं तसंच राहिलंय बघ. दोरीवर कपडे, ओट्यावर कप. आता तिथे कोण असेल, देव जाणे. पण जो असेल त्याने हात लावू नये, असं आपलं मला वाटतं."

काकांनी एक पिशवी उचलली.

तिच्या तोंडात नेहमीची वाक्यं तयार होती. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण शांतपणे बसून बोलू. एकही कामाचं नव्हतं.

"बाबा येणार नाहीत," ती म्हणाली. "वारले ते. मार्चमध्ये."

पिशवी खाली आली. काका आत आले आणि मटकन कॉटच्या कडेवर बसले. शाल त्यांच्याखाली दबली. लक्षात येताच ते उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. "बसा काका."

काकू मात्र तापल्या. "अगं मग बोलायचं नाही? महिनाभर आम्ही त्यांच्या वस्तूंना धक्का नको म्हणून श्वास धरून राहतोय!"

"तुमच्यावर भार नको म्हणून..."

"आम्ही घर सोडून आलोय, कान नाही सोडून आलो. ये, इथे बस. कसे होते ते?"

हा प्रश्न ती शेकडो माणसांना विचारत आली होती. डोकं किंचित कललेलं, हातात कागदी रुमालांचा डबा. उत्तर द्यायची वेळ पहिलीच. बाबांच्या वाचनाबद्दल सांगावं, त्यांच्या तत्त्वांबद्दल सांगावं, असं चांगलं काही मनात आलं.

"गाडी फार वाईट चालवायचे," ती म्हणाली. "चढावर तर हमखास बंद पडायची. मागचे शिव्या घालायचे, आणि बाबा उतरून त्यांची माफी मागत बसायचे."

"क्लच सोडायची घाई," ड्रायव्हरकाका ताबडतोब म्हणाले. "हँडब्रेक लावत नसणार."

"कधीच नाही."

"तेच तर! कोणी शिकवलं होतं त्यांना?"

"मी," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता आवाज कापायला लागला, तो तिने कापू दिला.