कर्नलच्या गळ्यातला निळा क्रॉस

कर्नलच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा चष्मेवाला दुकानाच्या मागच्या खोलीत एका जाड काचेची कड घासत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि फोन कानाला लावला.

"तुम्हाला तो निळा क्रॉस हवा होता ना?" वहिनी म्हणाल्या. "या आणि घेऊन जा एकदाचा."

कसे आहात नाही, बरं चाललंय ना नाही. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. चष्मेवाला स्टुलावर बसून राहिला. बाहेर एक गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं, तरी त्याला उठवेना.

तो क्रॉस त्याला हवा होता हे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं. त्यात निरनिराळ्या लढायांतली पदकं, टोप्यांवरचे बिल्ले, फिती, एक पिचकलेली पाण्याची बाटली. जर्मन पदकांचा खण वेगळा, आणि त्या खणात मधोमध मखमलीवर एक जागा रिकामी. पहिल्या महायुद्धातल्या मोठ्या जर्मन सन्मानाची ती जागा: निळ्या मिन्याचा क्रॉस, त्याच्या हातांच्या बेचक्यांत चार सोनेरी गरुड, आणि सन्मान जर्मन असला तरी वरची अक्षरं फ्रेंच. असा क्रॉस बाजारात सहसा येत नाही. आला तर बहुतेक वेळा नकली निघतो.

"पाहुणे आले की आधी त्या भोकाकडेच बघतात," बायको म्हणायची. "तिथं एखादी फुलदाणी तरी ठेवा."

खरा क्रॉस कर्नलकडे होता. कर्नल काही खरा कर्नल नव्हे. त्याची सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासण्यात गेली. पण चालायचा ताठ, बोलायचा तुटक, म्हणून ते नाव पडलं. त्यानं मग चष्मेवाल्याला 'मेजर' करून टाकलं, म्हणजे आपल्या हाताखालचा. दर रविवारी दोघं जुन्या बाजारात जात. अशाच एका रविवारी गाडी चष्मेवाला चालवत होता. फाटकापाशी कर्नलला उतरवून तो गाडी लावायला गेला आणि जागाच मिळेना. गल्ल्या पालथ्या घालून तो आत पोचला, तर कर्नल जुनी कुलपं विकणाऱ्या एका म्हातारीसमोर उभा होता. मिटलेल्या मुठीत तो क्रॉस, चेहरा पांढराफटक.

"मेजर, इथं काही बोलू नकोस," तो पुटपुटला. "चल."

तेव्हापासून विषय निघाला नाही असं एकदाही झालं नाही. "गाडी मी चालवत होतो," चष्मेवाला म्हणायचा. "आणि उत्तम चालवलीस," कर्नल म्हणायचा. "मी गेल्यावर तुझाच आहे." "मग आटप लवकर." दोघं हसायचे. पण घरी परतताना, आपण आधी उतरलो असतो तर, हे चष्मेवाल्याला कुरतडत राहायचं. मैत्रीही खरी होती आणि ते कुरतडणंही.

मग कर्नलची आठवण ढासळायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग जेवलो की नाही तेही. चष्मेवाल्याचं जाणं-येणं कमी होत होत थांबलंच. जाऊन बोलायचं तरी काय, असं तो बायकोला म्हणाला होता.

तो कर्नलच्या घरी गेला तेव्हा वहिनींनी दार उघडलं. केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर ओला टॉवेल. खिडकीजवळच्या खुर्चीत कर्नल बसला होता. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि त्यावर तो क्रॉस. मूळ फीत तुटली म्हणून त्यात बुटाची नाडी ओवलेली होती. ते बघून चष्मेवाल्याच्या काळजात चर्र झालं, आणि ते मित्राला बघून नव्हे तर नाडी बघून झालं, हे त्याचं त्यालाच लागलं.

"काढू देत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "झोपेतसुद्धा घालतात. टोकं टोचतात, छातीवर ओरखडे उठलेत. मध्येच उठून दारात उभे राहतात, कुणीतरी साहेब यायचाय म्हणून. मी किती वेळ धरून उभी राहू? माझी पाठ गेलीय." त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मुलगा म्हणतो सगळं विकून टाक. तो कुणाच्याही गळ्यात मारेल. तुम्ही निदान पुसून ठेवाल."

"पण तो काढला तर हा..."

"तुमच्याकडं नकली आहे ना, अगदी तसाच? त्याची टोकं गुळगुळीत असतील तर तोच घालू."

चष्मेवाल्याचे कान तापले. तो नकली क्रॉस त्यानं कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पालथा ठेवला होता, कुणाला कधी दाखवला नव्हता.

"ह्यांनी ड्रॉवरमध्ये तो केव्हाच पाहिला होता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या घरून आले आणि पोट धरधरून हसले. पण तुम्हाला कधी बोलले नाहीत."

पुढच्या रविवारी तो नकली क्रॉस रुमालात गुंडाळून घेऊन गेला. वहिनी कर्नलला अंघोळ घालत होत्या. तेवढ्यापुरता काढलेला खरा क्रॉस बाथरूमबाहेरच्या फळीवर साबणाच्या डबीशेजारी पडला होता. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि "मान वर करा, अहो, मान वर," असं वहिनींचं चाललं होतं. चष्मेवाल्यानं नाडी सोडवली, नकलीत ओवली, खरा खिशात टाकला. इतकी वर्षं मनात हा क्षण त्यानं किती परींनी रंगवला होता, त्यात बाथरूम कधीच नव्हतं.

कर्नल बाहेर आला. वहिनींनी गळ्यात नाडी घातली. त्यानं क्रॉस तळहातावर घेतला, अंगठ्यानं चोळला. हा माणूस एकेकाळी दुकानाच्या दारातूनच नकली पदक ओळखायचा आणि दुकानदाराला घाम फोडायचा. पकडावं त्यानं, असंही चष्मेवाल्याला वाटून गेलं. ओरडावं, चोर म्हणावं.

कर्नलनं क्रॉस स्वेटरवर नीट बसवला आणि वर पाहिलं.

"मेजर, गाडी लावलीस?"

"लावली," चष्मेवाला म्हणाला.

"मिळाली जागा?"

"मिळाली."

"शाब्बास," कर्नल म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

घरी येऊन त्यानं क्रॉस पाण्यानं पुसला, कोरडा केला आणि मखमलीवर ठेवला. दिवा लावला, भिंग काढलं. निळा रंग दिसेना. दिसत होता तो मळकट, पिवळ्याकडे झुकणारा, साचलेल्या पाण्यासारखा. दिवा बदलून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग तो खुर्चीत बसला. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना त्यानं समजावलं होतं की मोतीबिंदू आधी निळा रंगच खातो. स्वतःच्या डोळ्यांत तो उतरतोय हेही त्याला माहीत होतं. बघू पुढं, म्हणून टाळलं होतं.

"अगं," त्यानं हाक मारली. "जरा इकडं ये. हा रंग कसा दिसतोय सांग."

बायको हात पुसत आली. कपाटातलं काहीही ती कधी निरखून बघत नसे. आज तिनं क्रॉस उचलून उजेडात धरला.

"निळा आहे."

"कसला निळा?"

तिनं तो तिरका करून पाहिला. "गॅसची ज्योत बारीक केल्यावर असते ना, तिच्या बुडाशी. तसला." मग म्हणाली, "ज्याला हा मिळाला त्यानं माणसंच मारली असतील ना?"

"हो."

"रंग मात्र छान दिलाय मेल्यांनी." तिनं तो जागेवर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "झालं का आता? समाधान?"

त्याला हो म्हणायचं होतं. पण लांबच्या प्रवासाहून येऊन नुसतं बूट काढून बसावं, जेवायलाही उठू नये, तसं झालं होतं. "दमलोय," तो म्हणाला.

आठवडाभर त्यानं कपाटाचा दिवा लावला नाही. रविवारी क्रॉस पुन्हा रुमालात बांधून तो वहिनींकडं गेला.

"हा परत ठेवून घ्या," तो म्हणाला. "त्यानं मला दिलेला नाही."

वहिनी दाराशीच थांबल्या. त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येता येता थकलं. "तुम्हाला काय वाटलं, मी तुम्हाला बक्षीस दिलं? मला घरातली एक कटकट कमी करायची होती. आता तुमच्या मनाला लागलं म्हणून ती पुन्हा मी सांभाळू?"

"तसं नाही वहिनी..."

"तसंच आहे. न्या तो परत, आणि घरी ठेवा." त्या भिंतीला टेकल्या. "काही करावंसं वाटत असेल तर इथं बसा. मला झोपायचंय. नीट, दार लावून. किती महिन्यांत झोपले नाही मी तशी."

उत्तराची वाट न बघता त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आला.

चष्मेवाला कर्नलसमोर बसला. कर्नलनं त्याच्याकडं पाहिलं, ओळखलं नाही, पण हरकतही घेतली नाही. थोड्या वेळानं तो उठला आणि दाराकडं निघाला. चष्मेवाल्यानं त्याला काखेत हात घालून धरलं. हाडं हातात आली. दोघं उघड्या दारात उभे राहिले. जिन्यात कुणीच नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं.

"कोण येणार आहे?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"साहेब."

"उशीर करतायत."

"मोठी माणसं," कर्नल समजुतीनं म्हणाला.

पाय भरून आले तसं त्यानं कर्नलला परत आणून बसवलं. बिस्किटं चहात बुडवून भरवली, स्वेटरवर सांडलेलं टिपलं. मग पुन्हा दारात. मग पुन्हा खुर्चीत. तिसऱ्यांदा उठला तेव्हा चष्मेवाल्यानं दारातच दोन खुर्च्या नेऊन मांडल्या. साहेब आले तर उठू, असं म्हटल्यावर कर्नलला ते पटलं. तो बसल्या बसल्या पेंगू लागला आणि त्याचं डोकं चष्मेवाल्याच्या खांद्यावर आलं. जड होतं. खांदा अवघडला, तरी त्यानं तो हलवला नाही.

उन्हं उतरल्यावर कडी निघाली. वहिनींच्या गालावर उशीच्या अभ्र्याचे वळ उमटले होते.

"उठवलं का नाही मला?"

"तुम्ही झोपला होता."

त्यांनी दारातल्या खुर्च्यांकडं पाहिलं. "पुढच्या रविवारी?"

"येईन," चष्मेवाला म्हणाला, आणि कर्नलचं डोकं जपून वहिनींच्या हातात देऊन उठला.