धोंड्याचं घड्याळ

घड्याळ घ्यायचं म्हटलं की लोक काटे बघतात, काच बघतात, कंपनी बघतात. मी आधी किल्ली बघते. किल्ली म्हणजे कडेचं ते गोल बटण, ज्याने वेळ लावतात. ती मोठी असली की डोळ्याखाली लागते. पट्टा साखळीचा असला तर गाल सोलून निघतो, चामड्याचा असला तर नुसता लाल होतो. माझा नवरा हितेंद्र घड्याळ उजव्या हातात घालतो आणि मारतोही उजव्याच हाताने, त्यामुळे घड्याळातलं मला बरंच कळतं. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणत आले. इथे म्हणणार नाही.

तो जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. लग्नात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला पातळ सोनेरी घड्याळ दिलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं, फोन उशिरा उचलला, शेजारणीशी हसून बोलले, त्याला कुठलंही निमित्त पुरायचं. माघात एकदा त्याने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. मी कोपर वर धरलं, घड्याळ कोपरावर आपटलं आणि काच तडकली. काचेसाठी म्हणून वेगळी लाथ बसली, कमरेत. मग त्याने तिथेच उभं राहून सोनगीरला नानांना फोन लावला.

"मामा, तुमचं घड्याळ वर्षभरसुद्धा टिकलं नाही."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी फरशीवर पडलेली होते आणि फोनमधून नानांचा ओशाळलेला आवाज ऐकू येत होता. ते त्याची माफी मागत होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. मायने डोक्याला तेल लावताना मानेवरचे वळ पाहिले, पदर बाजूला करून पाठ पाहिली आणि तोंडात बोळा कोंबून रडली. तिने नानांना सगळं सांगितलं. माझे नाना, वना पाटील, गावात चार भांडणं मिटवणारे. ते दोन दिवस ओट्यावर बसून विचार करत राहिले आणि शेवटी त्यांना उत्तर सापडलं.

"जवाई नाराज शे," ते म्हणाले. "आपलंच देनं हलकं पडनं. औंदा धोंडाना महिना शे. चांगलं मजबूत घड्याळ दी टाकू. बठ्ठं ठीक व्हई जाई."

"नाना, माले धाडू नका," मी म्हणाले. "तो माले मारी टाकी."

"धोंडाना महिनामा जवाई जेवाले येस आनि पोरले लई जास. रीत शे ती."

मला त्यांच्याकडून फक्त एवढंच ऐकायचं होतं की पोरी, राय आठेच, इथेच राहा. बाकी काही नको होतं. भाकरी थापताना, गोठा झाडताना मी त्याच शब्दांची वाट बघत होते. अधिक ज्येष्ठ लागला, जावयाचा दिवस ठरला, तरी ते शब्द काही निघाले नाहीत.

घड्याळ घ्यायला नाना, माझा भाऊ प्रेमराज आणि मी धुळ्याला गेलो. "तुले त्यानी आवड माहीत," म्हणून मला नेलं. ज्याचा मार खायचा त्याचं हत्यार मीच पसंत करायचं, अशी ती खरेदी होती. दुकान फारुखभाईंचं. म्हातारे गृहस्थ, बोलणं मऊ. मी आधी काळं प्लास्टिकचं आकड्यांचं घड्याळ उचललं. हलकं, कडा गोल, पट्टा रबराचा. लागलं तर जेमतेम ओरखडा येईल.

"हे द्या," मी म्हणाले.

नाना चिडले. "पोरसोरना खेळना शे का? जवाईले देवानं शे!"

प्रेमराजने मात्र काचेच्या कपाटात बोट दाखवलं आणि फारुखभाईंनी पायलट घड्याळ बाहेर काढलं. विमानवाले घालतात तसलं, पण स्वस्तातलं. भाकरीएवढी काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, आत तीन छोट्या तबकड्या: एक वाराची, एक तारखेची, एक चोवीस तासांची. कडेला दातेरी लोखंडी कडं, बाजूला दोन बटणं आणि मध्ये बोराएवढी किल्ली. प्रेमराजने ते हातावर तोललं आणि त्याचे डोळे चमकले.

"नाना, वजन तं देखा!"

"रोजच्या वापराला हेच," फारुखभाई म्हणाले. "पाणी लागू द्या, आपटू द्या, काही होत नाही."

"आपटलं तर घड्याळाला काही होत नाही," मी म्हणाले. "ज्याच्यावर आपटतं त्याचं काय होतं, चाचा?"

फारुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गालावर, डोळ्याखाली, जुनी पांढरी खूण आहे. त्यांची नजर तिथे थांबली आणि त्यांच्या हातातला फडकाही थांबला. मग ते नानांना म्हणाले, "भाऊ, याला रबराचा पट्टा टाकून देतो. उन्हाळ्यात घाम येत नाही. आणि हे दुसरं बघा, किल्ली आत दबलेली आहे, हाताला टोचत नाही."

परक्या माणसाला कळलं. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बापाचा गळा धरावासा वाटला. नानांनी साखळीच घेतली. जावयाला रबर कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

जेवणाच्या दिवशी हितेंद्र दुपारी आला. मी मागच्या खोलीत ताटं पुसत होते. तो हात धुण्याच्या निमित्ताने आत आला, माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मान मागे ओढली. इतकी, की मला छताचे पत्रे दिसले.

"दीड महिना मजा मारलीस," तो कानाशी म्हणाला. "आज घरी चल. उद्या तुझ्या मायने ओळखलं नाही पाहिजे तुला."

वेणी सोडून तो हसत बाहेर गेला आणि पाटावर बसला. नानांनी आणि मायने त्याचे पाय तांब्याच्या तांब्याने धुतले. अधिक महिन्यात जावई विष्णू असतो ना, म्हणून. मायने पुरणाचे धोंडे भरलेलं ताट पुढे ठेवलं, वर दिवा लावला आणि नानांनी दोन्ही हातांनी घड्याळाची डबी दिली. मी दिव्यासाठी तेल घेऊन बाहेर आले होते. ज्या हातात माझे केस नुकतेच तुटले होते, त्याच हाताला नाना घड्याळ बांधत होते.

हितेंद्रने मनगट फिरवून पाहिलं. वजनावर तो खूश झाला, ते मला दिसलं. मग त्याने डोळे बारीक केले.

"काय हो मामा, दीड वाजलाय आणि हा बारका काटा खाली लोंबतोय. बिघडलेला माल गळ्यात मारला का पुन्हा?"

नानांचा चेहरा उतरला. प्रेमराज पुढे वाकून बघू लागला. मी बोलले. गप्प बसले असते तरी संध्याकाळी तेच होणार होतं.

"तो चोवीस तासांचा काटा आहे. दुपारी खालीच असतो. बिघाड घड्याळात नाही."

त्याने बसल्या जागेवरून हात फिरवला. मी दिव्यात तेल घालायला वाकलेली होते, त्यामुळे पूर्ण ताकद लागली. किल्ली डोळ्याखाली रुतली आणि दातेऱ्या कड्याने गाल कानापर्यंत फाडला. मी भिंतीवर आदळले. तोंडात दाताचा तुकडा आला, तो मी थुंकला. पातळावर रक्त गळत होतं, डावा डोळा उघडत नव्हता.

उजव्या डोळ्याने मी नानांकडे पाहिलं. म्हटलं, आता. आता तरी म्हणतील.

नाना पुढे सरकले. त्यांनी हितेंद्रचं मनगट हातात घेतलं, धोतराच्या सोग्याने काचेवरचं रक्त पुसलं आणि घड्याळ कानाशी नेलं.

"चालू शे," ते म्हणाले. "पावना, काही व्हयनं नही घड्याळले."

मला त्यानंतरचं सगळं स्पष्ट आठवतं. लोक म्हणतात भान सुटलं, माझं काही सुटलं नव्हतं. पाय धुतलेला तांब्या पाटाशेजारी होता, अर्धा भरलेला. हितेंद्र उठण्यासाठी उजवा हात जमिनीवर टेकत होता. मी दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि त्या मनगटावर हाणला. काच फुटली. दुसऱ्या घावाला साखळी तुटली. तिसऱ्या घावाला मोळीतलं वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि त्याचा पंजा नको त्या बाजूला वळला. मी चौथा घाव डोक्यात घालणार होते, खोटं कशाला बोलू. प्रेमराजने मला कमरेला धरून मागे ओढलं म्हणून तो वाचला.

हितेंद्र मनगट पोटाशी धरून पाटावरून लोळला. इतके महिने मी ओरडत होते तसाच तो ओरडत होता, मायच्या नावाने.

"हिला मी घरात घेणार नाही!" तो किंचाळला. "ठेवा तुमच्याकडेच! पुन्हा पाऊल टाकलं जळगावात तर बघा!"

ज्या वाक्यासाठी मी आखाजीपासून बापाच्या तोंडाकडे बघत होते, ते असं नवऱ्याच्या तोंडून आलं. मला हसू आलं आणि हसताना गालाची चीर आणखी उघडली.

नाना त्याच्या पायाशी बसले होते. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पावना, अशे नका बोलू. चूक व्हई गई पोरनी. मी दुसरं घड्याळ लई देस. याना पेक्षा भारी."

माय तोवर भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, नानांना ओलांडून गेली. हितेंद्रसमोरचं धोंड्यांचं ताट तिने उचललं, दिवा बाजूला काढून ठेवला आणि ताट माझ्या मांडीवर ठेवलं. पदराचा बोळा करून माझ्या गालावर दाबून धरला.

"खाय," ती म्हणाली. "गरम शेतस."

दात दुखत होता, म्हणून मी दुसऱ्या बाजूने खाल्लं.