गुलाबांना पाजलेलं पाणी

मी एक जुना हातगाडा आहे. लातुरात गंजगोलाईपासून थोडं आत, एका बोळाच्या तोंडाशी मी उभा असतो. माझं एक चाक वाकलं आहे, फळ्यांना भेगा पडल्या आहेत. पण मित्रांनो, मला माझ्या झिजण्याचं दुःख सांगायचं नाही. मला गंगम्माबद्दल सांगायचं आहे.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास माझा जन्म झाला. नवी कचेरी, नवे साहेब, नवी वर्दळ. या वर्दळीत आपलंही पोट भरेल, म्हणून सिद्रामप्पा उदगीरकडून आपल्या नव्या नवरीला घेऊन इथे आला. सुताराने बाभळीच्या लाकडातून मला घडवलं. पहिल्या दिवशी गंगम्माने माझ्या फळीवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि हात जोडले. तेव्हापासून मी त्या घरचा झालो.

आधी माझ्यावर केळी असत, मग पेरू आले, आणि शेवटी फुलं. हार, गजरे, महादेवाला बेल. पुढे कधीतरी फेब्रुवारीतला तो प्रेमाचा दिवस आमच्या गावातही आला. त्या दिवशी सिद्रामप्पा मला कॉलेजच्या फाटकापाशी नेई. माझ्यावर हैदराबादचे लालभडक गुलाब असत. मुलं लाजत येत, गुलाब पाठीमागे लपवून जात. मला फार मौज वाटे.

एका वर्षी काही तरुण ओरडत आले आणि त्यांनी मला उलथवलं. ही आपली रीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गंगम्मा धावत आली. मातीतले गुलाब पदरात गोळा करत ती म्हणाली, "फुलाला काय कळतंय बाबा, कुणाचा सण हाय!"

त्या रात्री उरलेले गुलाब तिने देवापुढे ठेवले. सिद्रामप्पाने तिला कधी एक फूल हातात दिल्याचं मी पाहिलं नाही. त्यात त्याला काही उणं वाटत नव्हतं, आणि तिलाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. पाऊस सतत दगा देत होता. मांजरा धरण आटलं, नळ कोरडे पडले. टँकर येई तेव्हा येई, आणि त्याच्यामागे घागरी घेऊन अख्खा बोळ पळे. गंगम्माला मूतखड्याचा जुना त्रास होता. भरपूर पाणी पीत जा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

त्या साली गुलाब दोन दिवस आधीच आले. एवढी कोवळी फुलं उन्हात कशी टिकणार? सिद्रामप्पा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, बकेटीत पाणी न्हाई. फुलं माना टाकायलीत. धुण्याचं साबणाचं पाणी चालत न्हाई त्याला."

गंगम्मा आतून घागर घेऊन आली आणि तिने बकेट भरली.

"तुला प्यायला हाय का?" त्याने फुलांवरची नजर न काढता विचारलं.

"मी केवळाबाईकडं पिऊन आले," ती म्हणाली.

केवळाबाई म्हणजे शेजारीण. मित्रांनो, केवळाबाईची घागरही रिकामीच होती. मी दारात उभा होतो, मला ते दिसत होतं. पण लाकडाला तोंड नसतं. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. गंगम्मा ओठांवरून जीभ फिरवी आणि फुलांवर ओल्या हाताने पाणी शिंपडी.

चौदा तारखेला फाटकापाशी गर्दी जमली होती. एक मुलगा गुलाब निवडत होता. तेवढ्यात केवळाबाई धापा टाकत आली.

"आप्पा, चला! गंगम्मा टँकरच्या लाइनीत पडली. बोलंना झालीय!"

सिद्रामप्पाने सगळे गुलाब रस्त्यावर ढकलून दिले. मला घेऊन तो असा पळाला, की माझं चाक दगडावर आदळून तेव्हाच वाकलं. दोघांनी गंगम्माला माझ्यावर निजवलं. जिच्या हाताने मी इतकी वर्षं धुतला गेलो, ती आता माझ्यावर ओझं होऊन पडली होती. तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं.

दवाखान्याच्या दाराशी मी आणि केवळाबाई थांबलो. बऱ्याच वेळाने सिद्रामप्पा बाहेर आला आणि माझ्या काठावर बसला.

"डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली," तो म्हणाला. "पाणी पिलं न्हाई म्हणाले. केवळाबाई, तुझ्याकडं पीत होती ना ती?"

केवळाबाईने तोंडावर पदर धरला. "माझ्याकडं कुठलं पाणी आप्पा? तिनं तुमच्या फुलांना घातलं."

 सिद्रामप्पा माझ्या फळीवरून नुसता हात फिरवत राहिला.

गंगम्मा फाल्गुनात गेली. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली. पुढे आगगाडीने पाणी आलं. स्टेशनावर माणसांनी त्या गाडीला हार घातले. आमच्या घरी मात्र ते प्यायला एकच माणूस उरला होता.

सिद्रामप्पाने पुन्हा फुलं विकली नाहीत. पुढच्या साली तो पेरू घेऊन त्याच फाटकापाशी उभा होता. एका मुलाने विचारलं, "काका, गुलाब नाहीत का यंदा? आज तर पाहिजेत!"

"न्हाईत बाळा," सिद्रामप्पा म्हणाला. "घरी मायला इचार, जेवलीस का, पाणी पिलीस का. इचारून गप बसू नगं. ती हाव म्हणली तरी घागरीत बघ."

मुलगा हसून पुढे गेला. सिद्रामप्पा त्याच्याकडे पाहत राहिला.

मित्रांनो, प्रेमाचा दिवस पाळावा की नाही, यावर माणसं दर साली भांडतात. मी हातगाडा, मला त्यातलं काय कळणार? पाळायचा असेल तर जरूर पाळा. फक्त तुमच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर जी शेवटी ताट घेऊन बसते, तिच्या समोर जाऊन बसा. तिच्या पुढ्यात काय उरलं आहे, ते एकदा डोळ्यांनी बघा.