रोहिणीची ओळ

"केशरी बटू तारे सूर्याहून लहान, हजारेक अंशांनी थंड," मधुभाऊ खुर्चीत बसून माइकवर वाचत होते. डोंबिवलीच्या त्या छोट्या सभागृहात हेमाताई मागच्या दाराशी, चहाच्या थर्मासजवळ बसल्या होत्या आणि वाट बघत होत्या. भाषण त्यांनीच लिहिलेलं होतं. रोहिणी ताऱ्याची ओळ तिसऱ्या पानावर होती.

आकाशदर्शन मंडळाची भाषणं गेली बावीस वर्षं हेमाताईच लिहीत. खोपटच्या एसटी डेपोतली नोकरी सांभाळून पुस्तकं धुंडाळायच्या, टिपणं काढायच्या आणि नाव लागायचं अध्यक्ष मधुभाऊंचं. मीही बोलू का, असं त्यांनी एकदाच विचारलं होतं. तेव्हा भर बैठकीत मधुभाऊ म्हणाले होते, "ताऱ्यांचं आम्ही बघतो, हेमाताई. तुम्ही चहाचं बघा." सगळे खो खो हसले आणि विसरून गेले. हेमाताई विसरल्या नाहीत. मुरांब्यासारखा मुरू दिला त्यांनी तो राग.

यंदा मधुभाऊंना एक्क्याऐंशीवं लागलं, हाती दिलेलं भाषण ते न तपासताच वाचू लागले आणि हेमाताईंनी डाव साधला. छोट्या केशरी ताऱ्यांचं उदाहरण म्हणून रोहिणीची एक चुकीची ओळ घातली. रोहिणीचा रंग केशरीच, पण ती म्हातारपणी फुगलेली राक्षसी तारका, सूर्याच्या चाळीसपट मोठी. मंडळातलं शेंबडं पोरही हे सांगेल. होऊ दे चारचौघांत फजिती, एकदा तरी!

"हे तारे झगमगत नाहीत," मधुभाऊ वाचत होते. "आपलं इंधन जपून वापरतात. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं, यांचं त्याच्या दुप्पट-तिप्पट, काहींचं त्याहूनही जास्त. सूर्य विझेल, तरी हे तेवत राहतील."

पान उलटलं.

"आपली रोहिणी हा असाच एक छोटा, शांत तारा."

दुसऱ्या रांगेतून अपूर्व उठला. मंडळात नुकताच आलेला, घोडबंदर रोडला आयटीत नोकरी करणारा. "सॉरी सर, पण रोहिणी जायंट आहे ना? हे एकदम उलटं झालं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हेमाताईंच्या जिवाला गार गार वाटलं.

मधुभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नाही, नाही. हे हेमाताईंनी लिहिलंय. माझी सगळी भाषणं त्याच लिहितात, बावीस वर्षं झाली. त्या चुकायच्या नाहीत." बोटाने ते ओळ चाचपू लागले. "मीच काहीतरी भलतं वाचलं असणार. मोतीबिंदू आहे ना मला. अपूर्व, जरा बघ बाबा, काय लिहिलंय इथे?"

सगळ्या माना मागे वळल्या. 'भाषणं त्याच लिहितात' या एका वाक्यासाठी इतकी वर्षं जीव जाळला, ते असं आलं होतं. हेमाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अपूर्वच्या आधी हेमाताईच व्यासपीठावर पोहोचल्या. "वाचण्यात नाही, मधुभाऊ. लिहिण्यात चूक आहे. माझी."

मुद्दाम केली, एवढं मात्र ओठांवर येऊन अडलं.

"असं होय? होतं कधी कधी." मधुभाऊ टेबलाचा आधार घेत उठले आणि माइक त्यांच्याकडे सरकवला. "मग पुढचं तुम्हीच सांगा. मी चहाचं बघतो."

ते भिंत धरत मागच्या दाराशी गेले. थर्मास तिरका केला. चहा पेल्यात थोडा आणि टेबलावरच जास्त सांडत होता.

हेमाताईंनी तिकडे बघितलं, घसा साफ केला आणि रोहिणीपासून सुरुवात केली.