बोल्टखालचा निळा रंग

अरे थांबा, आधी पूर्ण ऐका, मग चहा मागवा.

आमची पद्मिनी माहितीये ना? पप्पांची गाडी, अठ्ठ्याऐंशी सालची. आमच्या कळव्यातल्या चाळीची चौदा एप्रिलची मिरवणूक निघते, त्यात सगळ्यात पुढे बाबासाहेबांचा फोटो असतो तो ह्याच गाडीच्या टपावर. आजोबांच्या वेळेपासून! दुसरी कुठली गाडी पुढे असते हे मी जन्मात बघितलेलं नाय.

तर मंडळाच्या मीटिंगला सम्यक उभा राहिला. सम्यक म्हणजे आमचा नवीन सेक्रेटरी, दहावीला माझ्या वह्या उतरवून पास झालेला. बोलतो, "यंदा उघडी जीप आणूया. चांगदेवकाकांच्या गाडीला आता आराम द्या." चांगदेवकाका म्हणजे माझे पप्पा.

का, तर त्याच्या आदल्या रविवारी पप्पा गाडी ट्रायलला घेऊन गेलेले आणि कळवा नाक्यावर ती बंद पडली. बॅटरी झोपलेली. हॉर्नपण वाजेना! मागून रिक्षावाले बोंबलतायत, पप्पा एकटे ढकलतायत, आणि हा हिरो बाइकवर बसून व्हिडिओ काढतोय. ग्रुपवर टाकला वर, "धक्का मारायला चार पोरं लागतील" लिहून. पप्पा त्या दिवशी जेवले नाय.

मीटिंगमध्ये पण ते मान खाली घालून बसलेले. "मंडळ म्हणेल तसं," बोलले. माझं डोकंच सटकलं. मी उठली आणि बोलली, "शनिवारी सकाळी, इथेच, सगळ्यांसमोर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू. एक तास. बंद पडली तर जीपवाल्याला फोन मीच करते."

"तू?" सम्यक हसला. "पायल, ते मिक्सर रिपेर करण्याइतकं सोपं नाय."

"मिक्सर तुझी आई रिपेर करते, मला माहितीये. शनिवारी ये."

बोलून तर बसली. आता सांगते पोझिशन काय होती. ठाकुर्लीचे हरिहरकाका, पप्पांचे जुने मेकॅनिक, त्यांनी बॅटरी नवीन टाकलेली. काय फरक नाय. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो, तोपण उघडून नीट करून बसवलेला. तरी दोन दिवसांत बॅटरी खलास. मी त्यांना फोन केला तर बोलले, "अगो बाय, वय झाला तिचा. आतली वायरिंग सगळी कुजली आसतली. चार दिवसांत काय होवचा नाय."

मी बोलली, बघते.

शुक्रवारी हाफ डे टाकला. माझं काम तुम्हाला माहितीये, वागळे इस्टेटला इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग. तिकडून माझा व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आली, बोनेट उघडलं. आत बघते तर काय, सगळं निळं! पप्पांनी मार्चमध्ये जयंतीसाठी गाडी रंगवलेली, स्वतः, आणि प्रेमात येऊन बोनेटच्या आतलापण कोपरा न् कोपरा रंगवलेला. दोन-दोन हात.

सेल्फ मारला. इंजिन कण्हत कण्हत फिरलं. चोक आत ढकलायला गेली आणि हात चटकला! चोकची दांडी गरम. अरे, चोक ही साधी ओढायची तार, तिच्यात करंटचं काय काम? ती कशाला तापेल?

तिथेच माझी ट्यूब पेटली, पण नुसतं बोलून चालत नाय, मीटरला विचारायचं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर लावला: बारा पॉइंट दोन. चार्जिंग नाय. अल्टरनेटरवरच लावला: चौदा पॉइंट दोन. म्हणजे तो बिचारा बनवतोय बरोबर! मग मधले दोन व्होल्ट गेले कुठे? एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. तिथे शून्याच्या आसपास पाहिजे. दोन दाखवले. सापडला चोर.

इंजिनपासून बॉडीला एक तांब्याची विणलेली पट्टी जाते, करंट परत यायचा रस्ता. पप्पांनी ती सोडली, खाली मस्त निळा रंग मारला, आणि रंगावरच बोल्ट आवळला. रस्ता बंद! मग करंट बिचारा चोकच्या तारेतून चोरवाटेने जात होता.

आमच्या कंपनीत पॅनल रंगाला जायच्या आधी अर्थिंगच्या जागेवर टेप चिकटवतात. विसरलं तर सुपरवायझर सगळ्यांसमोर खरवडायला लावतो. पहिल्याच महिन्यात मी खरवडलंय.

पप्पा बाजूला उभे होते. चेहरा एवढासा. "म्हणजे माझ्यामुळेच?"

"पप्पा, रंग एवढा भारी लागलाय की करंटपण आत शिरत नाय. पॉलिश पेपर द्या."

त्यांनी दिला नाय. स्वतः वाकले आणि घासायला लागले. रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टीचं टोकपण घासलं, बोल्ट आवळला. मी सेल्फ मारला. अर्ध्या फेरीत इंजिन चालू! बॅटरीवर चौदा पॉइंट एक. चोकची दांडी थंड. पप्पा मीटरकडे बघून दोनदा बोलले, "वाच ना परत."

रात्रभर बॅटरी चार्जरला लावली आणि शनिवारी अख्खी चाळ खाली. हेडलाइट चालू, वायपर कोरड्या काचेवर कर्र कर्र. हरिहरकाका पण ठाकुर्लीहून आलेले, हाताची घडी घालून. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. सम्यक सारखा बोनेटजवळ घुटमळतोय. मी मीटर त्याच्याच हातात दिला. "धर. मोठ्याने वाच, सेक्रेटरी."

"चौदा पॉइंट एक," तो पुटपुटला.

"मागच्या बायकांना ऐकू नाय आलं."

"चौदा पॉइंट एक!"

हरिहरकाका पुढे आले, वाकून तो बोल्ट बघितला, निळ्यात चमकणारी ती जागा बघितली. "मी हात लावलंय सगळ्याक," बोलले, "ह्याच सोडून." आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

तास झाला. सम्यक बोलला, "ठीकाय, बंद कर आता. गाडी फायनल. काका चालवतील ना?"

पप्पांनी खिशातनं रुमाल काढला, स्टीअरिंग पुसलं आणि माझ्याकडे बघून बोलले, "मी फोटोजवळ चालणार. गाडी पायल चालवेल."

"मुलगी? मिरवणुकीत पुढे? असं कधी..." सम्यक बोलला.

मी गाडी बंदच केली नाय. आत जाऊन बसली आणि हॉर्न दाबला, असा लांबलचक, नाक्यापर्यंत गेला असेल. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सम्यक, जीपवाल्याला नको म्हणून फोन तू करतो की मी करू?"