एकोणीस शब्दांत शंभर

नेमगोंडा मास्तर चौऱ्याहत्तर साली निवृत्त झाले आणि त्यांनी जगाला एक करायचं मनावर घेतलं. परदेशातल्या विद्वानांनी लॅटिन, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश एकत्र घोटून इंटरलिंग्वा नावाची भाषा तयार केली होती. तिचं पुस्तक मास्तरांनी टपालानं मागवलं आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आपल्या घरी मोफत वर्ग काढला. पहिल्या दिवशी चौघं आले. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. मास्तरांच्या बायकोनं, अक्काताईंनी, सतरंजी गुंडाळून ठेवली.

मास्तरांचा सगळा जीव आकड्यांत. "मराठीत शंभरपर्यंत शंभर शब्द घोकायचे," ते भेटेल त्याला सांगायचे. "एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. पोरांनी मोजायचं की वजाबाकी करायची? इथं एकोणीस शब्द शिका, झाले शंभर. चाळीस म्हणजे क्वारांता, चार म्हणजे क्वात्रो. क्वारांता-क्वात्रो, चव्वेचाळीस. संपलं!" ऐकणारा मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ली बदलायचा.

दोन वर्षांनी एक गिऱ्हाईक मिळालं, शेजारचा बाबालाल शिंपी. त्याच्याकडं बायका ब्लाऊज शिवायला टाकायच्या. पडद्यामागं त्याची बायको रोशनबी मापं घ्यायची. टेपवरचे आकडे तिला ओळखता यायचे, पण पेन्सिल तिनं कधी हातात धरली नव्हती. म्हणून ती आतनं ओरडायची आणि बाहेर मशीनच्या खडखडाटात बाबालाल वहीत उतरवून घ्यायचा. समोर पिराजीचं सायकल दुकान. तिथं पाचसहा रिकामटेकडे कायम बसलेले. आतनं "कंबर अडतीस" आलं की तिकडं खाकरणं सुरू. बायका दुसरा शिंपी बघायला लागल्या.

"मास्तर, तुमची ती भाषा हितं कुणाला कळत न्हाय न्हवं?" बाबालालनं विचारलं.

"कुणालाच नाही!" मास्तर कळवळून म्हणाले.

"मग ब्येस झालं. रोशनबीला शिकवा की."

सगळ्या जगाला कळावी म्हणून केलेली भाषा कुणालाच कळू नये म्हणून वापरायची, हे मास्तरांना टोचलं. पण विद्यार्थी मिळत होता. रोशनबी आठवड्यात आकडे शिकली. अडलं फक्त सहावर. सहाला शब्द होता 'सेक्स'.

बाबालालनं कात्री खाली ठेवली. "ह्यो शब्द माझ्या बायकूनं पडद्याआडनं वरडायचा? दुकान जाळत्याल लोक, मास्तर."

मास्तरांनी लॅटिनचा दाखला दिला. बाबालालला लॅटिनचं काही पडलं नव्हतं. शेवटी छत्तीसला 'त्रेंता-सहा' म्हणायचं ठरलं. या भेसळीच्या दुःखानं मास्तर दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत.

धंदा मात्र वाढला. पार शिरोळच्या बायका येऊ लागल्या. दिवसभर आतनं "त्रेंता-ओक्तो, विंती-नोवे" चाललेलं. त्यात छत्तीसचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. 'त्रेंता-सहा' ऐकून ऐकून त्रेंता म्हणजे तीस, हे पिराजीला आठवड्यात उमगलं. बाकीचे आकडे त्यानं दुकानातनं बाहेर पडणाऱ्या बायकांकडं बघून अंदाजानं बसवले. भाषा सोपी आहे असं मास्तर सांगत होते ते खरंच होतं. दिवाळीपर्यंत सायकल दुकानातली सगळी टोळी मोजायला शिकली.

एका दुपारी मास्तर तिथनं चालले होते. अक्काताई नुकत्याच बाबालालकडून बाहेर पडून घरी गेल्या होत्या. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. पिराजी टोळीला सांगत होता, "क्वारांता-क्वातरो!"

मास्तर जागीच थबकले. त्यांचे डोळे भरून आले.

"क्वातरो नव्हे, क्वात्रो! त्र जोडून. सगळ्यांनी म्हणा बघू."

सगळ्यांनी म्हटलं. एकदा नव्हे, दहादा. हसून हसून दोघं बाकावरनं खाली आले. मास्तरांना वाटलं, हा शिकण्याचा आनंद.

"शाबास! कुठं शिकलात रे?"

"तुमच्याच घरातलं हाय की, मास्तर," पिराजी म्हणाला.

मास्तर जवळजवळ पळतच घरी आले आणि सगळं अक्काताईंना सांगितलं. अक्काताईंनी हातातली परात खाली ठेवली.

"चव्वेचाळीस. कशाचे, ते इचारलं का?"

"कशाचे म्हणजे? आकडा तो आकडा."

"अवो, माझी कंबर हाय ती. आत्ता रोशनबीनं मोजली. अन् तुमी रस्त्यात हुबं ऱ्हाऊन त्यास्नी उच्चार शिकवून आलासा."

मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, "पण उच्चार चांगला केला त्यांनी."

दुसऱ्या दिवशी अक्काताई पाटी-पेन्सिल घेऊन रोशनबीकडं गेल्या आणि चार दुपारांत तिला दहाही आकडे लिहायला शिकवले. तेव्हापासून पडद्याआडनं आवाज येईना. नुसती वही बाहेर यायची. महिन्याभरात पिराजीची टोळी अर्धे आकडे विसरून गेली.

मास्तरांनी मात्र युरोपातल्या एका मासिकाला कळवलं की कोल्हापुरात एका गल्लीत ही भाषा रोजच्या व्यवहारात आहे. मासिकवाल्यांनी ती बोलणाऱ्यांचा फोटो मागवला. मास्तर फोटोग्राफरला घेऊन स्वतः सायकल दुकानात गेले, टोळीला भांग पाडायला लावलं आणि मधल्या खुर्चीत बसले. फोटो छापून आला. मास्तरांना तो अंक गल्लीभर नेऊन दाखवायचा होता. अक्काताईंनी तो पहिल्याच दिवशी चुलीत घातला.