जिनिव्हाच्या अर्जावर सरपंचाचा शिक्का

दगडोबातात्यांचा अर्जांवर भारी जीव. उभी नोकरी तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून गेलेली, तेव्हापासून "वरील विषयास अनुसरून" हे शब्द त्यांच्या तोंडात गुळासारखे घोळायचे. वाशी तालुक्यातल्या त्यांच्या गावात कुणाची म्हैस दगावो की कुणाचं रेशन अडो, अर्ज तात्याच लिहिणार. फक्त आपल्या वरच्या गल्लीत नळ आहेत आणि पाणी नाही, यावर त्यांनी कधी अक्षर खरडलं नव्हतं. पाणी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आणायच्या ना! खालच्या आडापासूनचा चढ त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक. तात्यांना तो नुसता दिसायचा.

मग एका सकाळी सत्यभामाबाई घागरीसकट त्या चढावर पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. हाताला प्लास्टर घातलं आणि त्या थेट उमरग्याला लेकीकडं निघाल्या. एसटीत चढताना एवढंच बोलल्या, "दारच्या नळाला पाणी आलं की येते. तवर अर्ज प्या तुमी."

आता पाणी तात्यांनाच वाहावं लागलं. दोन खेपांत कंबर धरली आणि बायकोची आठवण अशी यायला लागली की विचारू नका. घर खायला उठलं. तात्यांनी पंचायत समितीला लिहिलं, जिल्ह्याला लिहिलं. सगळीकडून एकच उत्तर, अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी खाली पाठवला आहे. खाली म्हणजे सरपंच कृष्णराजकडं. हा कृष्णराज खालच्या गल्लीत राहायचा आणि पाइपलाइनचा वॉल, म्हणजे पाणी सोडायची चावी, बारा महिने खालच्या गल्लीकडंच वळवलेला असायचा. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तिचा निकालही त्याच्याच हातात. तात्या रडकुंडीला आले.

तेव्हा लातूरला वकिली शिकणारी नात आरोही फोनवर म्हणाली, "आजोबा, पाणी हा माणसाचा हक्क आहे. त्याची तक्रार पार जिनिव्हाला करता येते, संयुक्त राष्ट्रांकडं."

"खटला भरायचा व्हय?"

"खटला नाही. तिथल्या समितीकडं तक्रार न्यायला वेगळा करार लागतो आणि त्यावर आपल्या देशाची सही नाही. पण पाण्याच्या हक्कासाठी त्यांनी एक तज्ज्ञ नेमलेला असतो. त्याला कुणीही लिहावं. त्याला पटलं तर तो सरकारला विचारतो. फक्त विचारतो हं."

"इचारलं तरी लई झालं गं. हितं कोण इचारतंय?"

"आणि तुमचं नाव गुप्त ठेवता येईल."

तात्या भडकलेच. "निनावी अर्ज? म्या काय चोर हाय का?"

आरोहीनं तक्रार इंग्रजीत करून तात्यांना पाठवली, तात्यांनी तिची प्रत काढली, सही केली. आता फोटो काढून आरोहीला धाडायचा, की झालं. पण तात्यांचा हात थांबला. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याशिवाय त्यांनी जन्मात अर्ज पुढं सरकवला नव्हता. बिनशिक्क्याचा कागद जिनिव्हाला कोण हुंगणार? तक्रार त्याच पंचायतीविरुद्ध आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. पण रीत ती रीत. ते तडक कृष्णराजपुढं जाऊन उभे राहिले.

"कशाचा अर्ज, तात्या?"

"पाण्याचा. जिनिव्हाला चाललाय. तुमचं बी नाव हाय त्यात."

कृष्णराज खो खो हसला. "जिल्ह्याचा अर्ज माझ्याकडं माघारी येतोय अन् तुमी निघाले जिनिव्हाला! असू द्या, तेवढंच परदेशात नाव!" असं म्हणून त्यानं न वाचता सही ठोकली, वर शिक्काही हाणला.

फोटो आरोहीमार्फत जिनिव्हाला गेला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. तात्यांनी आशा सोडली होती. आणि एके दिवशी तालुक्याची जीप पंचायतीपुढं थांबली. जिनिव्हानं दिल्लीला विचारलं होतं, दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं जिल्ह्याला, आणि साहेब ते विचारणं आणि तक्रारीची प्रत घेऊन खाली आले होते. अख्खं गाव गोळा झालं.

"सरपंच, तक्रार खरी की खोटी? लेखी द्या," साहेब म्हणाले.

"खोटी! साफ खोटी!"

"मग हा शिक्का कुणाचा?"

कृष्णराजनं कागद पाहिला आणि त्याला घाम फुटला. न वाचता मारला म्हणावं, तर गाव पोट धरून हसणार. वाचून मारला म्हणावं, तर तक्रार खरी ठरणार. त्यानं एकदा गावाकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं, आणि छाती पुढं काढली.

"माझाच हाय, साहेब! गावच्या पाण्यासाठी आमी जिनिव्हापोत्तर गेलो."

"म्हणजे तक्रार खरी."

"...व्हय."

"मग पाणी का जात नाही वर?"

मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, "वॉल फिरवत न्हाय म्हणून!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. एक दिवस खाली, एक दिवस वर असं पाणी ठरलं, आणि त्याचा मान कृष्णराजनं स्वतःकडं घेतला. तात्यांनी तो खुशाल घेऊ दिला.

दुसऱ्या दिवशी दारचा नळ खोकला, थुंकला, गढूळ पाणी ओकला आणि मग धो धो वाहू लागला. तात्यांनी लगेच उमरग्याला फोन लावला.

"तुमच्या तोंडाचा मला इस्वास न्हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "फोन नळापशी धरा."

तात्यांनी धरला. घागर भरली, भरून वाहू लागली. त्यांनी गावभराचे अर्ज लिहिले, पण हिला कधी चार शब्दांनी विनवलं नव्हतं.

"ये गं आता," ते म्हणाले. "तुझ्याबिगर करमत न्हाय मला."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग सत्यभामाबाई खेकसल्या, "नळ बंद करा आधी! मी येईस्तोवर समदं संपवता का काय!"